कुणाकडं जायचंय?

शिवगंगा संकुल, विजापूर रस्ता, सोलापूर
९ नोव्हेंबर २०२५

अक्का,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. माझ्या पिंकीच्या लग्नात हळदीला तुला नावानं बोलावणं आलं नाही म्हणून तू भरल्या मांडवातून उठून गेलीस. त्याला सहा वर्षं झाली. अजून माझा फोन उचलत नाहीस, मग मीच आधी का वाकू? मी माणूस पाठवला होता. तो तुला मांडवात शोधत होता आणि तू तोवर अक्कलकोटच्या गाडीत जाऊन बसली होतीस. पण आज तो विषय नाही. विषय तुझा मुलगा आहे.

काल भाजी घेऊन येत होते. उन्हाचा स्कार्फ तोंडाला गुंडाळलेला. गेटवर नवा गार्ड, अंगापेक्षा मोठा निळा शर्ट घातलेला. त्यानं हात आडवा केला. "कुणाकडं जायचंय, मॅडम?"

मी सोसायटीची सेक्रेटरी. आल्यागेल्या प्रत्येकाला हे विचारायचं, हा नियम माझाच. दोन वर्षांत एकाही गार्डनं तो धड पाळला नव्हता, म्हणून मला बरंच वाटलं. स्कार्फ सोडला तर पोरगं डोळे मोठे करून बघायला लागलं.

"चिक्कव्वा!"

आणि मागे आमचे चेअरमन अमृतराव स्कूटरवर! "ओळखता का याला?" ते म्हणाले. मी सांगितलं, अक्कलकोटकडची पोरं कुठल्याही बाईला चिक्कव्वा, मावशी म्हणतात, लाडानं. तुझ्या सोमेशनं मान खाली घातली. सख्ख्या मावशीनं असं म्हटल्यावर दुसरं काय करणार?

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आधी ऐक. आधीच्या सेक्रेटरीनं आपला मेव्हणा लिफ्टवर चिकटवला होता. त्यावर मी सभेत आकाशपाताळ एक केलं आणि ठराव करून घेतला, की कमिटीवर असणाऱ्याचं कुणीही नातेवाईक सोसायटीच्या कामावर नसावं. त्या ठरावावरच मी निवडून आले. आता माझाच भाचा गेटवर उभा आहे म्हटलं तर लोक मला फाडून खातील. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी मी त्याला सगळं समजावलं. त्यानं शब्द दिला, मॅडमच म्हणेन म्हणाला. एजन्सीनं इथं टाकलं, मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणाला. खरं सांग, तू पाठवलंस का त्याला?

हे पत्र स्वतः वाच. चौथीपर्यंत शिकली आहेस. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

महेश्वरी


३० नोव्हेंबर

अक्का,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

सोमेश बरा आहे. कामाला तर चोख आहे. आमच्याकडे आता संध्याकाळी फेरी असते. शिट्टी घेऊन गार्डनं प्रत्येक मजल्यावर जायचं, पॅसेजमध्ये चपलांचा ढीग, कठड्यावर ओल्या चादरी, जिन्यात सायकल दिसली की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. लोक चिडतात. चिडू देत. पूर्वी इथं पानाच्या पिचकाऱ्या जिन्याच्या कोपऱ्यात असायच्या, आता रांगोळी असते. ते कुणी केलं? मी.

पहिल्या मजल्यावर मायाक्का राहते. दुपारी उखळात शेंगाची चटणी कुटते, विकते. वरच्या मजल्यांनी तक्रार केली, भिंती हादरतात म्हणे. मी कुटणं बंद करायची नोटीस लावली. दुसऱ्या दिवशी बघते तर सोमेशनं तिचं उखळ उचलून पार्किंगच्या कोपऱ्यात नेलंय, खाली पोती घातलीत, आणि मायाक्का तिथं बसून गाणं म्हणत कुटतेय. "नोटीशीत घरात कुटू नये असं हाय, मॅडम," तो म्हणाला. "पार्किंगचं काय लिहिलेलं न्हाय की." मला हसू आवरेना. पण सेक्रेटरीनं हसायचं नसतं.

परवा तर कहर केला. माझ्याच दारात माझ्याच चपलांचा फोटो! ग्रुपवर. चौथा मजला, सेक्रेटरी. वर बेल वाजवून, "मॅडम, चपला आत घ्या. नियम हाय." ओठ दाबून धरलेले. अगदी आपल्या अप्पांसारखे. अप्पा असेच खोटं खोटं गंभीर व्हायचे ना?

शेजारचे सिद्धप्पा काकाही त्याच्यावर खूश आहेत. म्हातारा ऐंशीचा, जुना कापडवाला, नेमाधर्माचा कडक. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. दुपारभर दार सताड उघडं टाकून झोपतो. सून रेश्मा माझ्याकडे तक्रार करते, मी काकांना सांगते, काका म्हणतात, "आमच्या गावात दाराला कडी नव्हती." सोमेश फेरीला आला की त्याच्याशी कन्नडमध्ये बोलत बसतात. हा त्यांना रोज विचारतो, ऊटा आत? जेवण झालं का, एवढंच. पण म्हाताऱ्याला तेवढ्यानंच बरं वाटतं.

एक मात्र लिहिते. दुपारी खिडकीतून तो दिसतो. केबिनच्या मागे उभ्यानं भाकरी खातो, कोरड्यास कधी असतं, कधी नसतं. माझा स्वयंपाक तेव्हा गॅसवर तयार असतो. हे गेल्यापासून मी एकटीच जेवते. बोलवावंसं वाटतं. पण गार्डनं कुठल्याही घरात जायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, हाही नियम आहेच. तोही माझाच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा.

महेश्वरी


२० डिसेंबर

अक्का,

डबा मिळाला.

काल वेळ अमावस्या, आपली येळ्ळमावस, हे मी विसरले नव्हते. सकाळपासून मन मैंदर्गीच्या शेतात होतं. कडब्याची खोप, पांढऱ्या फडक्यात झाकलेलं आंबिलीचं मडकं, अप्पा आंबील शिंपत शेताला फेरी घालायचे ते. बँकेत काम होतं, दुपारी परत आले तर दारात डबा. झाकणावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं नाव. सौ. गुरम्मा बसप्पा, मैंदर्गी. आपल्या अव्वाचा डबा. तू एवढी वर्षं घासून ठेवलास आणि काल माझ्याकडे पाठवलास.

भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, दोन शेंगापोळ्या. मी चपला न काढता ओट्याशी उभी राहून खाल्लं. भज्जीत चिंच थोडी जास्त झालीय. नेहमीच होते तुझी. लेकीबाळींचा वाटा घरी पोचवायचा, तो तू पाठवलास. भांडण राहिलं तिकडे. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

तो डबा सोमेशनं कसा आणला असेल ते आता कळतंय. सकाळच्या गाडीनं निघाला असणार, दुपारी ड्यूटीवर येऊन आधी वर आला, पिशवीतून डबा काढून माझ्या दारात ठेवला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि खाली गेला. मला बोलावलं नाही. मी नव्हतेच.

इथं एक भानगड झाली आहे. फार मोठी नाही. काल संध्याकाळी रेश्मा ओरडतच आली. सिद्धप्पा काकांच्या गळ्यातलं इष्टलिंग गेलं. चांदीच्या डबीसकट. काका सकाळी एकटेच रिक्षानं कंबर दाखवायला डॉक्टरांकडे जाऊन आले, दुपारी झोपले, उठले तर गळा मोकळा. झोपेत कुणीतरी दोरा कापून नेलं म्हणतात. दार नेहमीसारखं उघडं.

जिन्यातल्या कॅमेऱ्यात त्या वेळी एकच माणूस दिसतो. पिशवी घेऊन वर जाणारा आणि पिशवी काखेत घेऊन खाली येणारा. वरच्या मजल्यावरचा कॅमेरा बंद आहे, दुरुस्तीचं माझ्याकडूनच राहिलं. चेअरमननी सोमेशला विचारलं, पिशवीत काय होतं? तो म्हणाला, काय न्हाय. वर कशाला गेलास? फेरीला. फेरीला पिशवी कशाला? गप्प.

मी तिथंच होते. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शब्दाचा पक्का आहे पोरगा.

तू काळजी करू नकोस. चौकशीत निघेल काय ते. सिद्धप्पा काकांची आठवण तशी पक्की राहिलेली नाही, घरातच सापडेल. मी आहे इथं.

महेश्वरी


२४ डिसेंबर

अक्का,

मी आहे इथं, असं मागच्या पत्रात लिहिलं. ते वाक्य तू वाचलं असशील तर खोडून टाक.

सापडलं नाही. घर उलटंपालटं केलं, गाद्या उसवल्या. काका लिंगाशिवाय अन्नाला शिवत नाहीत. दूध-पाण्यावर आहेत आणि बिछान्यावरून उठत नाहीत. मठाच्या स्वामींनी दुसरं लिंग देतो म्हणून निरोप धाडला, तर भिंतीकडे तोंड करून नको म्हणाले. रेश्मा दिवसभर रडते. म्हातारा उपाशी मरेल आणि त्याचं पाप कुणाच्या माथी, एवढंच लोक बोलतात. मग सगळ्यांचे डोळे गेटकडे वळतात.

सोमेशला ड्यूटीवरून काढलेलं नाही. काढलं तर पळून जाईल म्हणे. एजन्सीच्या माणसानं त्याचा फोन काढून घेतलाय आणि त्याला केबिनमध्ये बसवून ठेवतात. येणारे जाणारे बघतात. कुणीतरी त्याच्या चहाचा कप वेगळा ठेवायला सांगितला. ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय. पिशवीवर लाल गोल काढलेला. असे गोल चपलांवर, चादरींवर काढायला मीच शिकवलं.

आता रविवारी सभा आहे. तोवर त्यानं कबूल केलं नाही तर पोलिसांत तक्रार. चोरी साधी नव्हे, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यावर हात घातल्याची. चोरीचा डाग लागलेल्या पोराला पुन्हा कोण दारात उभं करणार? नोकरी तर जाईलच, पण त्याचं पुढचं सगळंच जाईल. तक्रारीचा मसुदा सेक्रेटरीनं करायचा असतो. कागद माझ्या टेबलावर पडून आहे.

अक्का, मला एक वाक्य बोलायचंय. पिशवीत डबा होता आणि तो माझ्यासाठी होता. बस. शुक्रवारी रेश्मा ओरडत आली तेव्हा बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. पण चेअरमन समोर होते, त्यांच्या मागे आधीचा सेक्रेटरी छाती काढून उभा होता, आणि मला वाटलं, उद्या बोलू, सापडेलच. उद्या झालं तेव्हा वाटलं, आता बोलले तर कालच का नाही बोलले, असं विचारतील. रोज ते वाक्य जड होतंय. डबा मी घासून पिठाच्या पिंपात लपवलाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुसऱ्याच्या जिन्यातली सायकल मला खपत नव्हती.

काल दुपारी पंप बघायचं निमित्त करून त्याला टाकीपाशी गाठलं.

मी म्हणाले, "सोमेश, सांगून टाक. डब्याचं सांग."

"न्हाय सांगत."

"का रे?"

"माझ्या अव्वानं निघताना सांगितलंय. चिक्कव्वाला कमीपणा येईल असलं काय करू नको म्हणून. आनि मी शब्द दिला की तुमाला."

"पोलीस येतील."

"येऊ द्या. मी घेतलंच न्हाय तर काय सापडंल?" मग जरा थांबून म्हणाला, "तुमाला सांगायचं आसंल तर तुमी सांगा. मी न्हाय सांगनार."

आणि मी त्याच्यावरच चिडले. लाज वाटायला हवी होती तर राग आला. एवढा कशाला शहाणा झालास, असं बोलले त्याला. पंपाचा आवाज चालू होता, कुणी ऐकलं नाही. तो परत केबिनमध्ये जाऊन बसला. मी वर आले.

त्यानं तुला काही कळवलेलं नाही, हे मला माहीत आहे. हे पत्र पोस्टात टाकायचं की नाही ते ठरलेलं नाही. टाकलं तर तू पहिल्या गाडीनं येशील आणि त्याला घेऊन जाशील. मग चोर पळाला म्हणतील.

महेश्वरी


२८ डिसेंबर, रविवार

अक्का,

आधीचं पत्र टाकलं नव्हतं. आता दोन्ही एकाच पाकिटात घालते. क्रमानं वाच.

सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, एजन्सीचा माणूस. सोमेश खांबाला टेकून उभा, त्याला खुर्ची दिलेली नव्हती. सिद्धप्पा काकांनाही दोघांनी धरून खाली आणलं, रेश्मानं त्यांना शाल पांघरली होती. चेहरा नुसता हाडांचा. मला त्यांच्याकडे बघवेना.

चेअरमननी शेवटचं विचारलं. "पिशवीत काय होतं? बोल, नाहीतर आज तक्रार जाते. सेक्रेटरी मॅडम, कागद तयार आहे ना?"

मी उठले. कागद काढला नाही. माझ्या पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. पीठ लागलेलं होतं त्याला.

मी म्हणाले, "त्याच्या पिशवीत हा होता. माझ्यासाठी आणला होता. यावर नाव आहे ते माझ्या आईचं. हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे. त्याला ओळख दाखवू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."

मग मायाक्का बोलली. ती कधी सभेत तोंड उघडत नाही. "आगं बया, मग इतके दिस गप का बसलीस गं?"

मी आयुष्यभर मास्तरकी केली, वर्गात पोरांना उभं करून हाच प्रश्न विचारत आले.

तुला वाटेल, इथं संपलं. नाही संपलं. आधीचा सेक्रेटरी उठला. "वा! म्हणजे घरचाच चोर. मावशी भाच्याला वाचवतेय. डबा काय, आज सकाळीसुद्धा पिशवीत घालता येतो. आणि बाई, डबा वर गेला असेल, पण काकांचं लिंग कुठं गेलं ते सांगा!" लोक उठून बोलायला लागले. एजन्सीचा माणूस सोमेशचा दंड धरून उभा राहिला. चेअरमन म्हणाले, पोलिसांना फोन लावा. माझं बोलणं त्याच्या कामी आलं नाहीच, उलट त्याला आणखी अडकवून बसलं. शुक्रवारी जे वाक्य पुरलं असतं, ते आज खोटं वाटत होतं. मी डब्याची कड धरून उभी होते.

तेवढ्यात काकांनी काठी आपटली. दोनदा.

"त्याला सोडा. कुणी काढलं न्हाय. मी काढलं, माझ्या हातानं."

रेश्मा म्हणाली, "मामंजी, काय बोलताय?"

काका तिच्याकडे न बघता बोलत होते. त्या सकाळी डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय काढायला पाठवलं होतं. अंगावर चांदी, लोखंड काही चालत नाही म्हणाले. जन्मात कधी अंगावेगळं न केलेलं लिंग काकांनी उतरवलं, कपडे बदलायच्या खोलीत ठेवलं, आणि त्या यंत्राच्या आवाजानं घाबरून बाहेर आले ते तसेच रिक्षात बसले. घरी आल्यावर हात गळ्याकडे गेला. लिंग अंगावेगळं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? चोरीला गेलं म्हणाले. दुसऱ्याच दिवशी, अंगात बळ होतं तोवर, रेश्मा बाजारात गेली असताना रिक्षानं त्या तपासणी केंद्राच्या दारापर्यंत गेले आणि आत न जाता परतले.

"ऐंशी वर्सं नेम केला. यंत्रापायी लिंग काढलं म्हणून सांगू?" काका म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. "ही बाई उभी राहिली, आपल्याच तोंडानं आपलं झाकलेलं उघडं केलं. मग मी कशाला बसून राहू?"

आणि खांबापाशी उभ्या सोमेशला कन्नडमध्ये म्हणाले, "तप्पायतप्पा." चुकलं रे बाबा. हात जोडून.

रेश्मानं सभेतूनच त्या केंद्रात फोन लावला. तिथल्या सफाईच्या मावशींना ती डबी त्याच दिवशी सापडली होती. देवाची वस्तू म्हणून त्यांनी फडक्यात बांधून कपाटात वर ठेवली होती, कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघत होत्या. दुपारी लिंग घरी आलं. काकांनी पूजा केली आणि भाताची पेज घेतली. मी शेजारच्या भिंतीआडून घंटा ऐकली.

मी राजीनामा लिहून दिला. ठराव माझा होता, तो मोडला मीच. कुणी अडवलंही नाही.

आता ऐक, का लिहितेय ते. सभा उठल्यावर लोक सोमेशची पाठ थोपटत होते. चेअरमन म्हणाले, उद्यापासून हक्कानं ड्यूटीवर ये. तो हो म्हणाला नाही. केबिनमध्ये गेला, निळा शर्ट काढून घडी घातला, टोपी वर ठेवली. मी दारात उभी होते. मी म्हणाले, "वर चल. जेवून जा." एवढे दिवस जे म्हणायचं होतं ते.

"नगं, चिक्कव्वा."

"रागावलास?"

"त्यांनी चोर म्हटलं त्याचं काय न्हाय. ती काय माझी मानसं न्हाईत." पिशवी काखेत मारली. तीच. "पर तुमी रोज ह्या गेटातनं जात हुता की. बघत हुता की मला."

आणि गेला. पाया पडून गेला. तेच मला सहन होत नाहीये.

महेश्वरी


९ जानेवारी २०२६

ती. अक्का,

नमस्कार. या वेळी आधी लिहिला.

पाकीट तुला पोचलं असणार. सोमेश घरी पोचला एवढं मायाक्कानं सांगितलं, त्यानं तिला फोन केला होता. उखळाखालची पोती बदल म्हणाला म्हणे. मला केला नाही. मी केला तर वाजत राहतो. तुझ्यासारखाच.

गेटवर दुसरा गार्ड आलाय. कुणाला काही विचारत नाही, मोबाइल बघत बसतो. माझ्या चपला पॅसेजमध्ये पडल्या तरी कुणी बेल वाजवत नाही. सिद्धप्पा काका दुपारी दार उघडं टाकून झोपतात आणि मला विचारतात, ते पोरगं कधी येणार? मी काय सांगू?

पिंकीला सगळं कळवलं. ती म्हणाली, "आई, हळदीला माणूस कशाला पाठवलास गं? मावशी तीन खुर्च्या पलीकडे बसली होती. तूच जायचंस." तिच्याशी भांडले मी. फोन ठेवला आणि फळीवरचा डबा काढला.

अव्वाचा डबा माझ्यासमोर आहे. रिकामा डबा परत धाडत नाहीत, हे तुला आणि मला एकाच बाईनं शिकवलं. काय भरावं ते सुचत नव्हतं. तीळ भाजलेत. भोगीला बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि लोणी घालून तो तुझ्या घरी पोचता करीन. या वेळी कुणाच्या हाती नाही. माणूस पाठवणार नाही. मी स्वतः पहिल्या गाडीनं येईन.

तू मला बोलावलेलं नाहीस. म्हणून अंगणाच्या बाहेरच उभी राहीन. आत घ्यायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. एकच मागते. दार तू उघडू नकोस, सोमेशला पुढे येऊ दे. त्यानं हात आडवा करावा, नेहमीसारखा, आणि चारचौघांत मोठ्यानं विचारावं, कुणाकडं जायचंय?

या वेळी मी नीट सांगेन.

तुझी धाकटी,
महेश्वरी